पाठमोरे सर

सर्व सुज्ञ वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या माहितीप्रमाणे सांगलीतला जावा या संगणकभाषेचा पहिला जाणकार ऐन मोक्याच्या वेळी संगणकाकडे पाठ करून उभा राहत असे. हसणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं.

तर हे आमचे सर, उंब्रजचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मार्केट यार्डाजवळच्या दोन खोल्यांत सर, मिरजेची शबाना आणि मी हळदीच्या सौद्यांसाठी भावफलक तयार करत होतो. सौदा पुकारला की भाव भिंतीवरच्या टीव्हीवर उमटायचा.

नवीन साधन हाती आलं की सर त्याच्या माहितीतलं 'ज्ञात मर्यादा' हे पान मंगलाष्टकांच्या चालीत मोठ्यानं वाचत. चुका शोधायचा आमचा डीबगर तर इतका अवगुणी, की त्याचं पान संपेपर्यंत शबाना चहा टाकून यायची. सर म्हणत, "दोष सांगून आलेलं स्थळ बरं. लपवणाऱ्याच्या घरात पोरगी देऊ न्हाई."

मग फलक गोठायला लागला. चालता चालता मध्येच अडकायचा. डीबगर लावावा, तर फलक एकेक ओळ थांबत, अगदी सोज्वळपणे चालायचा. काढला की पुन्हा ठप्प. ही मर्यादाही त्या पानावर होतीच: डीबगरखाली सगळं सावकाश चालतं, म्हणून घाईतल्या चुका दिसतीलच असं नाही. "शाळातपासनीस आल्यागत करतंय," सर म्हणाले. "बघितलं की शहाणं."

आमच्या कंपनीच्या मालकांनी बजावलं होतं, अडत्यांसमोर फलक अडकला तर काम पुण्याला जाईल आणि सर उंब्रजला. तिथं थोरल्या भावाचं खताचं दुकान वाट बघत होतं. त्या वासानं सरांना शिंका यायच्या.

शेवटी सरांनी आम्हालाच प्रोग्राम केलं. मी भाव टिपणारा, शबाना फलक लिहिणारी. टेबलावर एक खडू, एक डस्टर. दोन्ही हाती आल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. सावकाश, एकेकानं केलं तेव्हा सगळं सुरळीत. मग सरांनी दोघांना एकदम पळवलं. मी खडू उचलला, तिनं डस्टर.

"तू दे की आधी," शबाना म्हणाली.

"तू दे."

दोघंही सोडेनात. सरांनी टाळी वाजवली. चूक सापडली होती: प्रोग्रामचे दोन भागही असेच एकमेकांची वाट बघत अडकत होते. नियम ठरला: दोघांनीही आधी खडूच घ्यायचा; नाही मिळाला तर हात बांधून थांबायचं.

सौद्याच्या दिवशी सर टीव्हीकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे. "मी बघितलं की चालणारच," ते पुटपुटले. "न बघता चालाय पायजे."

अडते ओरडत होते, हळदीनं नाक झोंबत होतं, भाव उमटत होते. शेवटचं पोतं विकलं जाईपर्यंत फलक एकदाही थांबला नाही. शबानानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

सर पुढे बंगळूरला गेले, खताच्या दुकानात कधीच नाही. नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना मी आजही खिडकीबाहेर बघतो.

पण त्या दिवशी टाळ्या वाजल्या, मालकांनी हाक मारली, तरी सर मुठी आवळून भिंतीकडेच बघत राहिले. हलेनात, वळेनात. एका म्हाताऱ्या अडत्याला राहवलं नाही.

"आवं, मशीन चालतंय की! मास्तरच अडकल्यात!"