एक खडू बोर्डीला, एक उधव्याला

शिक्षकांच्या खोलीत नुसतं बसून राहिलं तरी किस्से जमतात. आमच्याकडे तर राऊत गुरुजी होते! नव्वद सालच्या आसपास आम्ही बोर्डीच्या शाळेत होतो. गुरुजी चौथीला शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत क्वांटम फिजिक्स वाचायचे. राऊतबाई उधव्याच्या शाळेत. लग्नाला सात वर्षं, पण संसार शनिवार-रविवारचा. दोघांना एका गावात बदली हवी होती, बस्स! ती मिळेना म्हणून माणूस विश्वाच्या मागे लागला, असं माझं स्पष्ट मत.

*

एकदा त्यांनी आमचे शिपाई लहानूदादा यांना एक लाल, एक पांढरा खडू वेगवेगळ्या पुड्यांत बांधायला लावला.

"समजा, एक पुडी इथे, एक उधव्याला. हे जोडीचे कण असते तर उघडेपर्यंत लाल कुठला हे ठरलेलंच नसतं! इथे पांढरा निघाला की त्याच क्षणी तिथला लाल!"

"ठरलेलं नाही कसं? पुड्या मी बांधल्यात. लाल तुमच्या डाव्या हातात आहे."

गुरुजी उडालेच! "हीच तर गंमत! कणांच्या पुड्या बांधायला लहानूदादाच नसतो!"

दादा आठवडाभर ऐटीत होते.

*

शेजारच्या चिकूवाडीच्या शेठना गुरुजींनी सांगितलं, कुणी बघितल्याशिवाय कणाला पक्कं रूप नसतं.

"मग माझे चिकू मी न बघता पिकतात ते?"

"न बघता कळलं कसं, पिकले ते?"

"मला कुठे कळतं मास्तर? वटवाघळांना कळतं! माझ्या आधी खाऊन जातात!"

गुरुजींनी खिशातली वही काढून 'वटवाघूळ' असं लिहून घेतलं. आई शप्पत!

*

एका सोमवारी उधव्याहून येणारी एसटी बंद पडली, गुरुजी तासभर लेट. हेडमास्तरांना म्हणतात, "सर, तुम्ही मस्टर उघडेपर्यंत मी हजरही होतो आणि गैरहजरही."

"उघडलंय," सर म्हणाले. "गैरहजर आहात."

*

हेच हेडमास्तर एकदा चिडवायला म्हणाले, "जोडीच्या कणांचं एकमेकांशी इतकं जुळतं, तर तुम्हाला बदली कशाला हवी?"

"जुळतं हो सर. पण निरोप जात नाही," गुरुजी म्हणाले. "गेल्या मंगळवारी ती तापाने फणफणली होती. मला शनिवारी कळलं."

कुणी हसलं नाही. मला तर फार वाईट वाटलं.

*

शेवटी बदलीच्या ऑर्डरी निघाल्या. हो, एक नाही, दोन! दोघांनी एकमेकांना न सांगता दुसऱ्याच्या गावासाठी अर्ज केले होते. गुरुजींना मिळालं उधवा, बाईंना बोर्डी!

दोघं मोठ्या ऑफिसात धावले. मीही माझ्या कामाला तिथेच होते. साहेब भला माणूस. म्हणाले, "एकच गाव सांगा. आत्ता दुरुस्त करतो."

"बोर्डी!" गुरुजी म्हणाले.

"उधवा!" त्याच क्षणी बाई म्हणाल्या. बाईंनी मागितलेलं गुरुजींनी सांगितलं, गुरुजींनी मागितलेलं बाईंनी!

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी लिहू काय?"

बाईंनी सगळ्यांदेखत गुरुजींचा हात धरला.

"गाव तुम्ही ठरवा साहेब. तोवर आम्ही बाहेर बाकावर आहोत. दोघंही."