हजेरीबाई

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, नाचगाण्यांची जत्राच ती. त्या वर्षी मंडईच्या मंचावर नववीतली एक मुलगी नाचता नाचता धपकन पडली. कुणीतरी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. आणि मी, दोन मुलांचा बाप, केस पिकलेला दुकानदार, त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे चिकटवले. बोट सवयीनं गेलं. याहून मोठा बचाव माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "शनिवारी शाळेत ये. हजेरी हाय तुही."

बाईंनी मला सातवीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या लाखनीच्या शाळेत दर शनिवारी एक तास घेत. मोबाईलवर कुणाची टिंगल चालली तर काय करायचं, एवढाच विषय. तास सुरू करताना त्या ग्रुपवर टिंगलीखाली आलेली नावं वाचायच्या, म्हणून सगळे त्यांना हजेरीबाई म्हणत. "कोण काय बोलला ते मंग पाहू," त्या म्हणायच्या. "कोण होता ते आधी पाहते मी. आन कोण नव्हता, ते बी."

शनिवारी गेलो. व्हिडिओ आल्यापासून शाळेत न आलेली ती मुलगी बाईंनी घरून आणून पहिल्या बाकावर बसवली होती. मला तिच्यासमोर उभं केलं.

"मोबाईलवर हासला ना? आता तिच्या तोंडावर हास."

हसू कुठून येणार? घशातून उचकी तेवढी निघाली. अख्खा वर्ग खिदळला.

"चूप! आता याची टिंगल होऊन राहिली. याच्या बाजूनं कोण उभं राहते?"

उठली ती तीच मुलगी.

बाईंचा धडा छोटा होता. "लंबं भाषण नोको. 'हे मला पटलं नाही' एवढंच लिवा, आन खाली आपलं पूर्ण नाव."

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या. औषधांनी केस गेले. बाजारात डोक्यावरचा पदर सरकला तेव्हा कुणीतरी फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला, खाली 'टकलीबाई' लिहून. टाकणारा माझं रोजचं गिऱ्हाईक. मी बाईंची ती 'पटलं नाही'ची ओळ तीनदा लिहिली, तीनदा पुसली. म्हटलं, जेवण झाल्यावर निवांत लिहू.

जेवून पाहतो तर ओळ आलेली होती. खाली त्या मुलीचं पूर्ण नाव. ती आता भंडाऱ्याला कॉलेजात आहे. तिच्याखाली एकामागून एक नावं, सगळी शनिवारच्या तासातली. संध्याकाळी टाकणाऱ्यानं फोटो काढून टाकला. मला सुटल्यासारखं वाटलं. आता माझी काय गरज?

पंधरा दिवसांत बाई गेल्या. अंत्यविधीला नदीवर त्यांची भाची सांगत होती, "मावशी खाटेवर पडल्या पडल्या ग्रुपवरचे तेच नावं वाचे."

घरी आलो. बायको अंगणात पाण्याची बादली घेऊन उभी होती. मी म्हटलं, "पोरायनं बाईची लाज राखली."

तिनं माझ्या पायांवर पाणी ओतलं.

"बाईनं खालपर्यंत तुमचं बी नाव शोधलं असन," ती म्हणाली.