पंधरा शब्द

गोळ्यांनी कानात बोलणारे आवाज गेले, पण जाताना माझं डोकंही घेऊन गेले. कुंभवलीजवळच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते, एका खोक्यात दहा पाकिटं. आजारानंतर सहाव्या पाकिटाशी मोजणी सुटायची. सुपरवायझरने घरी बसवलं. चार महिने मी आणि आईचे बोंबील, दोघंही वाळत होतो.

पालघरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कॉम्प्युटरवर मेंदूचे व्यायाम आहेत, तीन महिन्यांचे. पण ते सगळ्यांनाच लागू पडत नाहीत आणि जागाही मोजक्या. म्हणून आधी पारख. पंधरा शब्द ऐकायचे, आठवतील तेवढे सांगायचे, आठवड्याने पुन्हा तेच. मला चार आठवले. चावी, आंबा, टोपी, नदी. मला स्वतःचीच लाज वाटली.

आई शेजारीच बसली होती. तिला अक्षर वाचता येत नाही, पण वाडीतल्या कुठल्या दोरीवर कुणाची मासळी, ते डोळे मिटून सांगेल. पंधराच्या पंधरा शब्द तिने घरी आणले. बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायची, तर दर जोडीला एक शब्द. चुकले की पहिल्यापासून. मी एकदाच म्हटलं, असं करायचं नसतं. ती म्हणाली, "नापास पोरीला कोन घेतं?" आमच्या घरात परीक्षा म्हणजे परीक्षा. पुढे बोलायची सोय नव्हती.

आठवड्याने मी पाढ्यासारखे पंधरा शब्द म्हटले. डॉक्टरबाई थबकल्या. "घरी पाठ केलेस का?"

आई माझ्याकडे बघत होती. खरं सांगावं तर तिची चोरी उघडी पडणार, न सांगावं तर माझं काय होणार, ते मला कळत होतं. मी नाही म्हटलं.

बाई खूश झाल्या. स्मरणशक्ती आपोआप सुधारतेय, म्हणाल्या, या व्यायामाचा तुला विशेष फायदा व्हायचा नाही. माझी जागा उमरोळीच्या एका मुलीला मिळाली. रिक्षात आई हसत होती आणि मला तिचा इतका राग आला होता की मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

सोमवारी तीच मला कंपनीत घेऊन गेली. सुपरवायझरने एक दिवस बघतो म्हटलं. सहाव्या पाकिटाशी हात थांबला. चावी, आंबा, टोपी, नदी, पंधराही शब्द ओळीने आठवत होते. खोक्यात किती गेली, तेवढंच आठवत नव्हतं.

दुपारीच बाहेर आले. आई गेटाशी बसून होती. माझ्या हातातला भरलेला डबा तिने घेतला.

"पन तू तर पास झालीस ना?"

मी हो म्हटलं.