ऐन वेळचा शब्द

रुग्णालयाने वाचा-उपचारांसाठी मला दिलेल्या खोलीच्या भिंतीपलीकडे दिवसभर ऑक्सिजनची नळकांडी आदळतात. माणसाचा श्वास नेमका कोठे अडतो हे जेथे ऐकायचे, तीच खोली सर्वांत गोंगाटाची असावी, ही व्यवस्थापनाची अक्कल. माझे अर्ज कोठे जिरले, हे विचारणेही मी आता सोडले आहे.

अशा खोलीत तो आला. सोबत थोरली बहीण. उंच इमारतींच्या बांधकामावर तो सिग्नलवाला होता. क्रेनचा चालक वर काचेच्या खोक्यात बसतो. खालचे त्याला दिसत नाही. उतरणारे ओझे कोठे रोखायचे, ते सिग्नलवाल्याने वायरलेसवर सांगायचे. हा ऐन वेळी मुका होतो, अशी चालकाने तक्रार केली, म्हणून कंपनीने त्याला माझ्याकडे धाडले. माणूस कामाचा की बिनकामाचा, ते एकाच भेटीत सांगा म्हणे! जणू मी टिचकी मारून कलिंगडे निवडते.

"मॅडम, याला काहीही झालेलं नाही," बहीण म्हणाली. "तो चालकच खडूस. हा लहानपणी इतका बोलायचा, की आई म्हणायची, याच्या तोंडाला बूच लावा."

"अगं, मला बोलू दे की."

आणि तो खरोखरच सफाईने बोलला. मध्येच विनोदही केले. मात्र त्याची वाक्ये नागमोडी चालत होती. थोरल्या मुलीला तो 'आमची पहिली' म्हणे, तिसऱ्या मजल्याला 'दुसऱ्याच्या वरचा'. मी वाचायला उतारा दिला, तर चष्मा घरी राहिलेला.

"चष्मा? तुला कधी लागला रे?" बहिणीने विचारले. त्याने उतारा उलटा करून टेबलावर ठेवला.

"ओझे रोखायला तुमच्याकडे कोणता शब्द ठरलेला आहे?" मी विचारले.

"'थांब'," बहीणच म्हणाली.

मी तिला गप्प केले. माझ्या चहाचा काचेचा पेला टेबलावर ठेवला आणि त्याच्या हातवाऱ्यांकडे लक्ष जाऊ नये म्हणून तोंड फिरवले. "मी चालक. ठरलेला शब्द आला तरच थांबेन."

पेला काठाकडे सरकवू लागले.

"बस्," तो म्हणाला. मी सरकवत राहिले.

"बस्! नको! पुरे, मॅडम!"

पुढे आवाजच बंद झाला. मी वळून पाहिले. जीभ दातांमागे रुतलेली, डोळे मिटलेले, मानेची शीर तटतटलेली. बहीण अर्धवट उठली. पेला काठावरून गेला, फुटला, आणि त्यानंतर शब्द बाहेर पडला.

"माझ्यापासूनसुद्धा लपवलंस?" बहिणीचा आवाज चिरकला.

"सगळ्यांपासून. परवा लोखंड उतरत होतं, खाली गवंडी उभा. माझा आवाज येईना म्हणून वरच्यानं आपणहून ब्रेक मारला, नाहीतर..." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मला 'बस्' हा शब्द चालेल असं लिहा ना. नोकरी वाचेल."

"उद्या 'बस्'ही अडेल."

"मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "जुन्या साइटवर 'रोको' होतं. पुढे तेही अडायला लागलं. म्हणून इकडे आलो."

मला 'अयोग्य' लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि ते त्याला कळले होते. त्याने खिशातून फोन काढला, साहेबांना लावला, स्पीकर सुरू केला.

"बोल रे!... अरे, बोल की! रेंज नाही का?"

बहिणीने फोनसाठी हात पुढे केला. मी तिचे मनगट धरले. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिच्या भावाला बुडताना बघते आहे.

"साहेब, मी त... त... तोतरा आहे. वायरलेसवर मला ठेवू नका."

'अडखळतो' हा सोपा शब्द हाताशी असताना त्याने तो घेतला नाही.

पलीकडून साहेब म्हणाले, "आधी सांगायचं नाही का, शहाण्या? बरं, सोमवारपासून खाली ओझ्याला हुक लावायला ये. पगार हुकवाल्याचाच मिळेल."

कंपनीला हवे ते उत्तर मिळाले. उपचारांसाठी रजा देणार का, हे मी विचारले तेव्हा मात्र सारे मुके झाले. व्यवस्थापनानेही पुढील भेटी नामंजूर केल्या. म्हणून मी त्याला माझ्या जेवणाच्या सुट्टीत बोलावते आणि तो येतो.