छातीवर छापलेली मावशी

तुम्ही कधी घरचं माणूस विकून खाल्लंय का? नाही म्हणायची एवढी घाई करू नका. तामसी गावचा हर्षदीपही आधी नाहीच म्हणत होता.

पोरगा बी.ए. झालेला, नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन थकलेला. मोबाइलवर चित्रं काढायचा नाद. एका व्हिडिओत त्यानं पाहिलं, की आपलं चित्र साइटवर चढवायचं, गिऱ्हाइकानं मागितलं की कंपनी टी-शर्टवर छापून घरपोच धाडते, आणि आपल्याला वाटा मिळतो. दुकान नको, भांडवल नको. त्यानं वाघ चढवले, कवट्या चढवल्या, इंग्रजीत 'किंग' लिहून पाहिलं. कुत्रंही फिरकलं नाही. असले वाघ तिथं पायलीचे पन्नास.

मग त्याला मावशी आठवली.

हर्षदीपची आई लवकर गेली. चंद्रभागा मावशीला मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. मग मावशी नि भाचा एकमेकांना धरून राहिली. मावशी लोकांच्या शेतात कापूस वेचायची आणि पोराला बांधावरच्या सावलीत निजवायची. वेचणाऱ्या बाया कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात. कापूस भरत गेला की ती फुगते, बाईला दिवस गेल्यासारखं दिसतं; संध्याकाळी वजनकाट्यावर ती रिकामी होते. मग जवळपास कुणी बाप्या नाही हे बघून बायांचं सुरू व्हायचं.

"कितवा हाय व चंद्रभागे?"

"नववा लागला माय! सांजेले काट्यावर बाळंत होतो!"

सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.

हर्षदीपनं नेमकं तेच काढलं. फुगलेली ओटी, हनुवटीवरचं गोंदण, पडलेला दात, खाली अक्षरं: 'सांजेले बाळंत होतो'. शहरातल्या लोकांना भारी गंमत वाटली. शर्ट धडाधड खपला. घरात कूलर आला. मावशी वस्तीभर सांगत सुटली, "पोरगा चित्र काढते, कंपनी पैसे धाडते." कोणतं चित्र, असं तिनं विचारलं तेव्हा यानं तिला वाघ दाखवला. हे ध्यानात ठेवा. नकळत चुकलेल्या माणसानं वाघ दाखवला नसता.

पुढचं नागेशनं केलं, तेही प्रेमानं. नागेश त्याचा दोस्त, गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान. मित्राचा धंदा वाढावा म्हणून त्यानं गुपचूप अख्ख्या टीमसाठी तोच शर्ट मागवला. मॅचच्या दिवशी पोरं घालून मैदानात उतरली. हर्षदीप कडेला बसलेला. तेवढ्यात वेचणीवरून येणाऱ्या बायांचा ऑटो रस्त्यावर थांबला.

"अबे, खरीखुरी आली पहा!" एक पोट्टा ओरडला. "मावशे, कितवा?"

चंद्रभागेला वाचता येत नाही, पण स्वतःचं गोंदण ओळखता येतं. ती एका छातीवरून दुसऱ्या छातीवर बघत गेली. एरवी फटकळ बाई, त्या पोट्ट्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तिनं कमरेची रिकामी ओटी सोडली, घडी केली आणि पदराखाली घेतली. बाकीच्या बायांनी माना वळवल्या. तो विनोद त्यांचाही होता.

"काय बे, कसं सरप्राइज?" नागेशनं हर्षदीपच्या पाठीत थाप मारली.

आणि हर्षदीप हसला. 

घरी आला तेव्हा ती पाठ करून भाकरी थापत होती.

"मावशे..."

"थे तुले कोनं सांगतलं?"

"मीच आयकलं. लहान होतो तवा, बांधावर."

तिचा हात थांबला. "मी समजो, तू झोपून राह्यला."

भाकरी करपायला लागली, तरी ती उलटेना.

"ओटी भरली का मलेबी दिसभराचं पोट येये. म्हून हासो मी. बायायले समजे. थे बाप्यायसाठी नव्हतं रे."

"आत्ताच काढून टाकतो, मावशे."

"पोट्ट्यायनं मले इचारलं, तवा तू तं हासून राह्यला होता."

 त्याला तिच्याकडं बघवेना. कूलरची हवा खायला बसवेना.

चित्र त्यानं साइटवरून काढून टाकलं. पण खपणारा माल कोण सोडतो? तोवर भलत्याच लोकांनी ते उचलून आपापल्या दुकानात लावलं होतं. एकानं तर पोट आणखी मोठं केलं. हर्षदीप तक्रार करायला गेला, तर साइटनं विचारलं, हे चित्र तुमचं आहे का? 'हो'वर बोट न्यायलाच त्याला लाज वाटली. तरी दाबलं. एक दुकान हटलं, बाकीची चालू आहेत. चंद्रभागा अजून वेचणीला जाते. ओटी भरते, फुगते, पण आता कुणी काही विचारत नाही. बाया मुकाट्यानं कापूस वेचतात.

राग काढायचा तर मी हर्षदीपवर काढीन, काढलाही आहे. पण एकट्याच्या तक्रारीनं ती दुकानं बंद होत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. ते चित्र कुठं दिसलं तर विकत घेऊ नका, गंमत म्हणून पुढं पाठवू नका. खाली तक्रारीची जागा असते, तिथं तक्रार करा. आणि तो शर्ट आत्ता तुमच्या अंगात असेल, तर आधी उठून तो काढा.