पाण्यातला सुरुंग

पहिल्या जर्मन लढाईच्या दिवसांत मी कार्ल्याच्या शाळेत मास्तर होतो. गावात कुणाचंही पत्र आलं की ते वाचायला माझ्याकडे येई, आणि दुसऱ्याचं पत्र वाचायला मला मनापासून आवडे. उगाच खोटं कशाला बोला?

असंच एक पत्र शाळेशेजारच्या घरातली सून घेऊन आली. तिचा नवरा आधी लोणावळ्याला धरणाच्या कामावर सुरुंग लावायला होता. ते काम संपल्यावर तो मुंबईला गेला आणि बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला. पत्र त्याच्या सोबत्याचं होतं. किनारा जवळ आला असताना बोट सुरुंगावर आदळून बुडाली, आम्ही वर होतो म्हणून वाचलो, भट्टीवरची माणसं अजून सापडलेली नाहीत, असं त्यात लिहिलं होतं.

मी चाचरत वाचलं. ती रडली नाही. सुरुंग हा शब्द तिनं मला पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "सुरुंग दगडात लावत्यात, गुरुजी. पान्यात भोक कुटं पाडनार?"

प्रश्न बिनतोड होता. मावळात सुरुंग कुणाला ठाऊक नव्हता? पहारीनं खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पेटवण्याआधी चारी दिशांना हाळी द्यायची. हाळी ऐकली की माणसं हातातलं टाकून लांब पळत. धरणावर ही हाळी तिचा नवराच देत असे. तेव्हा तिच्या मते समुद्रातही कुणीतरी हाळी दिली असणार, आणि ती ओळखायला त्याच्याइतका तरबेज माणूस बोटीवर दुसरा नव्हता. तो उडी टाकून कुठल्यातरी किनाऱ्याला लागला असणार. सासूलाही हे पटलं. भावकी मात्र दिवस घालायच्या गोष्टी करू लागली. तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पान्यात सुरुंग कसा लावत्यात ते गुरुजी इचारून येतील. तवर मी बांगड्या फोडायची न्हाई."

मला तर तेच हवं होतं. पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला मी पाण्यातल्या सुरुंगाबद्दल विचारत सुटलो. तळेगावला स्टेशनातल्या बाबूनं हात झटकले. शेवटी लोणावळ्याच्या बाजारात घाट चढून आलेला एक सुकटवाला भेटला. तो पूर्वी खलाशी होता, आणि सुरुंगानं बुडालेल्या बोटीच्या फळ्या त्याच्या गावच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. मी जन्मात सुकट खाल्ली नाही, पण त्या दिवशी अर्धा शेर घेतली आणि त्याला बोलतं केलं. ऐकलं ते विसरू नये म्हणून कार्ल्यापर्यंत घोकत आलो.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या. हा समुद्राचा तळ, ही साखळी, हा साखळीला बांधलेला लोखंडी रांजण. त्यात दारू ठासलेली. पाण्याखाली असल्यामुळे वरून दिसत नाही. शत्रू असे रांजण पेरून केव्हाच निघून गेलेला असतो. बोट आपणहून येते, धक्का लागतो आणि बार उडतो.

"आन हाळी?" तिनं विचारलं.

"हाळी कोण देणार? तिथं माणूसच नसतो. तीच तर गंमत आहे."

बोलून गेलो आणि वर पाहिलं. तिनं सूप खाली ठेवलं होतं. महिनाभर मी तिच्या कुंकवाची चौकशी करत हिंडत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोळ्यांनी कुणाला उचललं असेल, असं काहीतरी सावरून बोलायला गेलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"म्हंजी त्यास्नी कळलंच न्हाई," ती म्हणाली.

तिनं एकदा त्या रेघांकडे पाहिलं. मग पदर सावरून उठली.

"म्हातारी आत हाय. तिला तुमीच सांगा, गुरुजी. पर तितं काठीनं काढून नगा दाखवू."