रेघेखालचा आकडा

स्वतःच्या उत्तरावर इतका कमी विश्वास ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींइतकी अचूक उत्तरं काढणारंही नाही. माणूस नुकताच अंतराळात जाऊ लागला होता, त्या काळात परतणारं यान समुद्रात नेमकं कुठे उतरेल, ते या गणिती बाई कागद-पेन्सिलीने काढत. त्यांच्या कचेरीतली शिस्त अशी, की एकच गणित दोघींनी वेगवेगळं बसून सोडवायचं, आपला कागद झाकून ठेवायचा आणि उत्तरं जुळली तरच आकडा पुढे पाठवायचा. त्यांची जोडीदारीण केव्हाच वारली. आजींनी तिच्या जागी मला बसवलं. केक किती वेळ भाजायचा, हेसुद्धा मी वेगळं काढायचं. एकदा उत्तरं जुळेपर्यंत केकचा कोळसा झाला. "पण मिनिटं बरोबर होती," आजी समाधानाने म्हणाल्या. खोडरबर त्यांच्या घरात वर्ज्य. चुकलं तर वर एक रेघ मारायची, लपवायचं नाही. "तू वीकभर कोडिंग करतोस आणि संडेला आजी तुझा गुणाकार चेक करतात, यार," बायको हसायची.

नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःचीच परीक्षा लावली. दर रविवारी एक लांबलचक गणित, त्यांनी आणि मी वेगवेगळं सोडवायचं. "ओळीने तीनदा माझं चुकलं, तर मी एकटी राहणार नाही. भाचीकडे जाईन," त्या म्हणाल्या. ते घर सोडणं त्यांच्या जिवावर येणार होतं. हिवाळ्यात दोनदा चुकलं. तिसऱ्या रविवारी माझं गणित सोडवून, तपासून गेलो, तर त्यांचा कागद टेबलावर उघडाच पडलेला. झाकायचं त्या विसरल्या होत्या. त्यांचं उत्तर चूक होतं.

त्या चहा आणायला आत गेल्या. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि माझं उत्तर त्यांच्यासारखं केलं. आजींनी माझा कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी जुन्या आकड्यावर नुसती एक रेघ मारली होती.

"रेघेखालचा बरोबर आहे ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. त्यांनी स्वतःच्या उत्तरावर रेघ मारली. "यासाठीच दोघं लागतात," त्या म्हणाल्या.

आता त्या भाचीकडे असतात. रविवारी फोनवरून गणित घालतात. त्यांचं बहुतेकदा चुकतं, आणि मी माझं खरं उत्तर सांगतो. पलीकडे कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज येतो. मग त्या म्हणतात, "चल, पुढचं घे."